एका परिचारिकेकडे रोगी किती?

रुग्णालयांत आजारी आप्तास भेटावयास आपणांपैकीं बहुतेक जण केव्हां ना केव्हां गेले असतील. तेथें परिचारिका एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे सारखी धांवत असलेली आपण पाहतों. परंतु तिच्या वांट्यास एकूण खाटा किती, आणि ती संख्या कोणीं ठरविली, हा प्रश्न सहसा आपल्या मनांत येत नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं कॅलिफोर्निया राज्यांत हाच प्रश्न परिचारिकांनीं कायदेमंडळापुढें नेला. त्याची हकीकत विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सारखीच उद्बोधक वाटेल.

आधीं एक लहानसा हिशेब करूं. आठ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटें. एका परिचारिकेकडे दहा रोगी असले तर प्रत्येकाच्या वांट्यास ४८ मिनिटें येतात. पांच असले तर ९६. या मिनिटांतच औषध देणें, नाडी व ताप पाहणें, जखम बांधणें, नोंदी लिहिणें, डॉक्टरांस कळविणें आणि घाबरलेल्या नातलगांस धीर देणें, हें सर्व आलें. एका रोग्याची प्रकृति एकाएकीं बिघडली म्हणजे उरलेल्या नऊ जणांचीं मिनिटें त्याच्याकडे जातात, हें सांगावयास नकोच. रोग्यांतील बदल प्रथम परिचारिकेच्याच नजरेस पडतो. तिला पाहावयास सवड नसेल तर तो कोणाच्याच नजरेस पडत नाहीं.

इ. स. १९९० नंतरच्या दशकांत तेथील रुग्णालयांनीं खर्च कमी करण्याचा सपाटा लावला व त्याचा भार परिचारिकांवर पडला. अतिदक्षता कक्षांत एका परिचारिकेकडे दोहोंपेक्षां अधिक रोगी नसावेत, असा नियम त्या राज्यांत पूर्वींपासून होता. मग इतर कक्षांस नियम कां नसावा, असें त्यांच्या संघटनेचें म्हणणें होतें. शीला क्यूल या सभासद बाईंनीं कायदेमंडळांत विधेयक आणलें. गव्हर्नर पीट विल्सन यांनीं असा प्रयत्न १९९८ मध्यें नामंजूर केला. परंतु पुढील गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनीं १९९९ च्या ऑक्टोबरांत नव्या विधेयकावर सही केली, आणि सर्व कक्षांसाठीं रोगी-परिचारिका प्रमाण कायद्यानें बांधून देणारें कॅलिफोर्निया हें अमेरिकेंतील पहिलें राज्य ठरलें.

वाचकांस वाटेल, काम संपलें. तसें नव्हतें. कायद्यानें आंकडा दिला नव्हता. तो ठरविण्याचें काम आरोग्यखात्याकडे सोंपविलें होतें. सामान्य कक्षासाठीं रुग्णालयांच्या संघटनेनें दहा रोगी सुचविले, तर परिचारिकांच्या संघटनेनें तीन! खात्यानें १ जानेवारी २००४ पासून सहा व त्यानंतर वर्षानें पांच असा निर्णय दिला. मग वाद निघाला तो जेवणाच्या सुटीचा. परिचारिका जेवावयास गेली असतां तिचे पांच रोगी शेजारणीकडे सोंपविले, तर त्या अर्ध्या तासांत शेजारणीकडे दहा होतात. नियम ‘सर्वकाळ’ पाळावयाचा कीं नाहीं, हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला, व २००४ मध्यें न्यायालयानें ‘सर्वकाळ’ या शब्दाचा अर्थ सर्वकाळ असाच केला. एवढ्या साध्या शब्दासाठीं खटला व्हावा, याचें हसूं येतें. पण कायद्यांत शब्द मोलाचे असतात.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत गव्हर्नर आर्नोल्ड श्वार्झनेगर यांनीं तातडीचा नियम काढून पांचाचा आंकडा लांबणीवर टाकला. परिचारिका न्यायालयांत गेल्या, आणि गव्हर्नर जातील तेथें निषेधाच्या पाट्या घेऊन उभ्याही राहिल्या. मार्च २००५ मध्यें न्यायालयानें परिचारिकांच्या बाजूनें निकाल दिला. नोव्हेंबरच्या विशेष निवडणुकींत गव्हर्नरांनीं पुढें केलेले चारही प्रस्ताव मतदारांनीं नाकारले, आणि त्याच महिन्यांत त्यांनीं आपलें अपील सोडून दिलें.

आतां ज्यास गणिताची आवड आहे त्यानें पुढील गोष्ट नीट पाहावी. लिंडा एकन या परिचारिका-संशोधिकेनें आपल्या सहकाऱ्यांसह पेनसिल्व्हेनिया राज्यांतील १६८ रुग्णालयांचे आंकडे तपासून २००२ मध्यें निबंध प्रसिद्ध केला. परिचारिकेमागें एक रोगी वाढला कीं शस्त्रक्रिया झालेला रोगी तीस दिवसांच्या आंत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनीं वाढते, असें त्यांस आढळलें. मग चारांचे आठ रोगी झाले तर २८ टक्के कां नव्हे? कारण वाढीवर वाढ होते, चक्रवाढ व्याजासारखी: १.०७ चा चौथा घात सुमारें १.३१ येतो, म्हणजे ३१ टक्के. हे आंकडे दोन गोष्टींचा संबंध दाखवितात. एक दुसरीचें कारणच आहे असें त्यांवरून निर्विवाद सिद्ध होत नाहीं. तरीपण ‘आम्ही थकतों’ या तक्रारीपेक्षां ‘आमचे रोगी दगावतात’ हें आंकड्यांनिशीं केलेलें विधान राज्यकर्त्यांस टाळतां येणें कठीण. क्रिमियाच्या युद्धानंतर फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनींही सैनिकांच्या मृत्यूंचे आंकडेच सरकारपुढें मांडले होते, आणि हिंदुस्थानांत कधीं पाऊलही न टाकतां येथील लष्करी छावण्यांच्या आरोग्याची माहिती प्रश्नावल्या पाठवून गोळा केली होती.

रुग्णालयांच्या बाजूचें म्हणणें अगदींच पोकळ नव्हे. लहान गांवीं पुरेशा परिचारिका मिळत नाहींत. आणि रात्रीं एक आजारी पडली म्हणून कक्ष बंद ठेवावयाचा काय, असें ते विचारतात. मॅसॅच्युसेट्स राज्यांत २०१८ मध्यें अशाच प्रस्तावावर लोकमत घेतलें, तेव्हां सुमारें ७० टक्के मतें विरुद्ध पडलीं, आणि परिचारिकांच्या दोन संघटनांपैकीं एक बाजूनें तर दुसरी विरुद्ध उभी होती. उलट ऑरेगन राज्यानें २०२३ मध्यें प्रमाणें कायद्यांत घातलीं.

कॅलिफोर्नियांतील परिचारिकांची एक रीत मात्र सांगण्याजोगी आहे. नेमून दिलेलें काम रोग्यांस धोक्याचें वाटलें तर ती परिचारिका काम टाकून जात नाहीं. वरिष्ठांस तसें सांगते, संघटनेनें छापलेल्या कागदावर दिनांक, वेळ, कक्ष व रोग्यांची संख्या लिहिते, एक प्रत स्वतःजवळ ठेवते, आणि मग पहिल्या खाटेकडे वळते.