मुभा म्हणजे सक्ती नव्हे
प्रश्न : सत्तरीतील शेतकरी वडिलांना ई-पीक पाहणीसाठी (शेतातील पिकांची फोनवरून नोंद करण्यासाठी) स्मार्टफोन घ्यावयाचा आहे. अँड्रॉइडमध्ये फोनच्या मांडणीत फेरफार करण्याची मुभा पुष्कळ, म्हणून तो त्यांना अवघडच जाईल ना?
— एक वाचक, कळंब (जि. धाराशिव)

उत्तर : आपली चिंता रास्त आहे, परंतु फेरफाराची मुभा म्हणजे सक्ती नव्हे. २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीस अँड्रॉइड फोन पुरेसा असून, सॅमसंगच्या फोनातील 'ईझी मोड' चालू केल्यास अक्षरे व चिन्हे मोठी होतात. आयफोनातही २०२३ पासून 'असिस्टिव्ह अ‍ॅक्सेस' ही तशीच सोय आहे. भाषा मराठी ठेवून नित्याची चार-पाच चिन्हेच पहिल्या पडद्यावर मांडावीत. मात्र ज्या मोकळिकीने फोन आपलासा होतो तिच्यातूनच धोकाही शिरतो, म्हणून संदेशातून आलेली एपीके (अ‍ॅप बसवणारी) फाइल कदापि उघडू नये, एवढे वडिलांस आवर्जून सांगावे आणि निश्चिंत असावे.