सुट्टीतलं शिक्षण आणि आपला रुग्ण

इंग्लंड-अमेरिकेत डॉक्टरकी शिकणारी आपली मुलं ‘इलेक्टिव्ह’साठी काही आठवडे दुसऱ्या देशातल्या रुग्णालयात काढतात. मराठी घरांत तेव्हा काका-मामांचं गावाकडचं हॉस्पिटल हमखास आठवतं. “तिकडं पेशंट भरपूर, हात चांगला बसेल,” असं म्हणतात. परभणी जिल्ह्यात प्रसूतिगृहात नर्स म्हणून काम करताना या ‘हात बसण्या’ची किंमत कोण मोजतं, ते मी पाहिलं आहे.

एका खासगी दवाखान्यात डॉक्टरांचा भाचा परदेशातून आला होता. मुलगा हुशार आणि नम्र. जिंतूरकडच्या बंजारा तांड्यावरची एक पहिलटकरीण बाळंत झाली आणि टाके घालायला त्याला पुढं केलं. तोवर त्यानं टाके फक्त मॉडेलवर घातले होते. बाईला कुणी विचारलं नाही. पांढरा कोट पाहून सासूच म्हणाली, “फॉरेनचे डॉक्टर हायेत, चांगलंच करतील.” रक्त थांबेना. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी टाके उसवून पुन्हा घातले. गडबडीत मुलाच्या बोटात सुई घुसली आणि त्याला एचआयव्ही प्रतिबंधाच्या गोळ्या २८ दिवस घ्याव्या लागल्या. तिनं दोनदा सोसलं. का, ते तिला कुणी सांगितलं नाही.

म्हणून येणाऱ्या मुलांना आणि त्यांना बोलावणाऱ्या नातेवाइकांना माझं सांगणं आहे. जे तुमच्या विद्यापीठात करायची मुभा नाही, ते इथंही करायचं नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ नुसार नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

रुग्णाला तिच्या भाषेत, मग ती मराठी असो, उर्दू असो की गोरमाटी, ‘मी विद्यार्थी आहे’ हे आधी सांगा. नको म्हटलं तरी उपचारात फरक पडणार नाही, हेही सांगा. रुग्णांचे फोटो काढू नका.

हेपॅटायटिस-बीच्या तीन डोसांना सहा महिने लागतात. तयारी तितकी आधीपासून करा. सुई टोचली तर गोळ्या कुठं मिळतील, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. त्या ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितक्या बऱ्या.

परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं शिकून पुढं इथल्याच माणसांवर उपचार करणाऱ्या मुलांचा हातानं शिकण्याचा हक्क पाहुण्यांच्या आधी.

पाहुण्यांनी शिकण्यासारखं वॉर्डाबाहेर पुष्कळ आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला उभारलेल्या प्रकल्पात देशोदेशीचे विद्यार्थी गावातल्या आरोग्यसेविकांकडून शिकत आले आहेत. तसंच इथल्या आशाताईंबरोबर फिरा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेल्या गरोदर बाईची तपासणी का चुकते, ते तांड्यावर गेल्याशिवाय कळत नाही.

परदेशातल्या आई-बाबांनो, मुलांना जरूर पाठवा. पण आधी एवढं विचारा, “तिथं तुझ्यावर देखरेख कोण ठेवणार?” नेमकं नाव सांगता येत नसेल, तर तिकीट काढू नका.