जरा हात लावशील का?

मे संपत आला की आपल्या चौलमधल्या कौलारू घरांत एकच विषय असतो. कौलं परतायची कुणी? बाबा म्हणतात, "रविवारी मीच चढतो." आई म्हणते, "माणूस बोलवा हो, कंबर धरेल." रविवार येतात नि जातात, आणि पहिल्या सरीला माजघरात पातेली मांडावी लागतात.

या सगळ्यात आपलं पोर शिडीपाशी घुटमळत असतं. "बाबा, मी कौलं देऊ?" आपलं उत्तर ठरलेलं, "बाजूला हो, लागेल." ऊन डोक्यावर, सुट्टी एकच, काम उरकायचं असतं. काळजीही खरीच. पण त्याच्या मनात राहतं ते एवढंच, की इथे माझा काही उपयोग नाही.

आणखी एक आपण सगळेच करतो. शेजारच्या भाऊंना हाक मारायची वेळ आली की "कशाला कुणाचे उपकार!" म्हणतो. मूल तेही ऐकतं. मग गणित अडलं, वर्गात कुणी छळलं, तरी गप्प बसतं आणि आपण रात्रभर विचार करतो, हे सांगत का नाही?

३ जून २०२० आठवतो ना? निसर्ग वादळात कौलं, पत्रे उडाले, माड-पोफळी आडव्या झाल्या. त्यात लॉकडाऊन. माणूस मिळेना, ताडपत्री मिळेना, वीज कितीतरी दिवस नाही, आणि पाऊस दारात. तेव्हा मदत मागायची लाज कुणालाच वाटली नाही. कुणाची शिडी, कुणाची करवत, आणि फुटक्या ढिगातून धड कौलं वेचायला पोरं. तेव्हा पहिली-दुसरीत असलेली मुलं वादळाच्या भीतीइतकंच हेही सांगतात, "आमच्या छपराची कौलं मी वेचलीत!"

पोराला असं हाताशी घ्यायला वादळच यायला हवं असं नाही. नळाचा वॉशर बदलताना पाण्याचा कॉक त्याला बंद करू द्या, पान्हा त्याच्या हाती द्या. पाच मिनिटांचं काम अर्ध्या तासावर जाईल, हे खरं. रोज नाही जमणार, एखाद्या सुट्टीला जमेल.

विजेच्या बोर्डाला मात्र हात नको, त्याचाही आणि आपलाही. तिथे त्याच्यासमोर सरळ म्हणा, "हे मला येत नाही रे, वायरमनकाकांना बोलवूया." फोनही त्यालाच लावू द्या. तो अडखळेल, मधेच आपल्या तोंडाकडे बघेल. घाईने फोन काढून घेऊ नका.