चारही राउटर सहावर

बारावी झालेल्या मुलाला घेऊन एक गृहस्थ आमच्या घरी आले. हातात क्लासचं माहितीपत्रक, वर ठळक अक्षरांत 'शंभर टक्के नोकरी'. "सर, वायरलेस नेटवर्किंगमध्ये स्कोप आहे का हो?"

मी मुलाच्या मोबाइलवर सिग्नल मोजायचं एक फुकट अ‍ॅप टाकून दिलं आणि म्हटलं, घरभर फिरून ये. बैठकीत उणे ४५ डीबीएम, फ्रिजमागच्या कोपऱ्यात उणे ७८. दर ३ डेसिबलला ताकद निम्मी होते, म्हणजे त्या कोपऱ्यात सिग्नल जवळजवळ दोन हजार पट क्षीण. आणखी एक गोष्ट त्यानं आपणहून हेरली: शेजाऱ्यांचे तीन आणि आमचा एक, असे चारही राउटर चॅनल ६ वर. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. "मग आपला ११ वर टाकू या का?" त्यानं विचारलं. माझ्या मते त्याची प्रवेश परीक्षा तिथेच झाली.

शिक्षणाचा क्रम साधा आहे. आधी सिस्को कंपनीचं सीसीएनए. त्यात केबल, स्विच, आयपी यांच्याबरोबर वायरलेसची ओळख होते; प्रमाणपत्र ३ वर्षं चालतं. मग सीडब्ल्यूएनए हे खास वायरलेसचं प्रमाणपत्र, ते कुठल्या एका कंपनीच्या मालाला बांधलेलं नाही. उलट्या क्रमानं गेलेली मुलं केबलपाशी अडतात, कारण भिंतीवरच्या अ‍ॅक्सेस पॉइंटला वीज आणि डेटा बहुधा एकाच केबलमधून जातो, आणि ती १०० मीटरपलीकडे ओढता येत नाही.

क्लास निवडताना नोकरीची हमी राहू द्या, लॅब उघडून दाखवायला सांगा. एका अ‍ॅक्सेस पॉइंटमागे मुलं किती? अ‍ॅक्सेस पॉइंट सांभाळणाऱ्या कंट्रोलरला हात लावू देतात की नुसता पडद्यावर दाखवतात? पडद्यावरचंच शिकायचं तर पॅकेट ट्रेसर आणि वायरशार्क ही सॉफ्टवेअर घरबसल्या फुकट मिळतात.

सरावाच्या सामानासाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली गाठा. क्रिम्पिंग टूल, आरजे-४५ कनेक्टर, केबल टेस्टर आणि एक जुना राउटर. राउटर घेण्याआधी ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मुक्त फर्मवेअरच्या यादीत त्याचं मॉडेल आणि व्हर्जन दोन्ही तपासा. चुकीचं फर्मवेअर चढवलं की त्याची वीट होते, म्हणजे तो निकामी होतो.

"म्हणजे सुरुवातीला शिडीवर चढून वायरी ओढायच्या?" बाबांनी जरा पडेल आवाजात विचारलं. हो, वर्षभर तरी. मुलगा तेवढ्यात आमच्या राउटरची सेटिंग्ज उघडून बसला होता.