मृत्यूविषयीचे प्रश्न आणि सूरह यासीन

घरातील वडीलधारे माणूस अखेरच्या घटका मोजत असते. उशाशी बसून कोणीतरी सूरह यासीनचे पठण करीत असते. दफनविधी होतो, पाहुणे परततात. काही दिवसांनी घरातील पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा तीच सूरह मराठी अनुवादातून वाचतो आणि विचारतो, "अम्मी, दादाजान तर मातीत मिसळून जातील. मग ते पुन्हा कसे उठवले जातील?"

पुष्कळ घरांत यावर एकच उत्तर मिळते : "असे विचारू नये, ईमान कमकुवत होते." हे उत्तर काळजीपोटी दिले जाते, यात शंका नाही. परंतु वाचकहो, पवित्र कुरआनची पद्धत अशी आहे काय, हे आपण पाहू या.

ज्या सूरहचे आपण मरणाऱ्याच्या उशाशी पठण करतो, तिच्यातच हा प्रश्न आलेला आहे. अखेरच्या भागात (36:78) एक इन्कार करणारा मनुष्य विचारतो की, कुजलेल्या हाडांना जिवंत कोण करणार? त्याचा हेतू उपहासाचा होता. तरीही अल्लाहने त्याला युक्तिवादाने उत्तर दिले : हा मनुष्य स्वतःची निर्मिती विसरला, ज्याने प्रथम निर्माण केले, तोच पुन्हा जिवंत करील. त्याआधी याच सूरहमध्ये (36:33) मृत जमिनीला जीवन देण्याची निशाणी दाखविली आहे. वैशाखात करपलेले माळरान मृगाच्या सरींनंतर हिरवे झालेले ज्याने पाहिले आहे, त्याला ही निशाणी दूर शोधावी लागत नाही.

उपहास करणाऱ्यालाही जर उत्तर मिळाले, तर प्रामाणिकपणे विचारणाऱ्या मुलाला गप्प करण्याचा अधिकार आपणास कोणी दिला? हजरत इब्राहीम (अ.) यांनीही, मृतांना जिवंत कसे केले जाते ते दाखव, अशी विनंती आपल्या पालनकर्त्याला केली होती (2:260). तुझी श्रद्धा नाही काय, असे विचारले गेले तेव्हा त्यांनी सांगितले की, श्रद्धा आहे, परंतु अंतःकरणाचे समाधान हवे आहे. त्यांची निर्भर्त्सना झाली नाही. चार पक्ष्यांद्वारे त्यांना ती निशाणी दाखविली गेली. श्रद्धा आणि प्रश्न एकाच अंतःकरणात राहू शकतात, हा यातील बोध होय.

मात्र प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे असेलच असे नाही. आत्म्याविषयी विचारले गेले तेव्हा कुरआनने सांगितले की, तो अल्लाहच्या आदेशाने आहे आणि मानवाला ज्ञान अल्पच दिले गेले आहे (17:85). म्हणून "हे मला ठाऊक नाही, अल्लाह जाणतो" असे मुलाला सांगण्यात आईवडिलांना कमीपणा वाटू नये. मनाने रचलेल्या भीतिदायक कथांपेक्षा हे उत्तर अधिक सत्य आहे.

कधी प्रश्नामागे जिज्ञासेपेक्षा दुःख अधिक असते. अबू उमैर या लहान मुलाचा पक्षी मेला, तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्याची आपुलकीने विचारपूस केली. हिजरी सन 10 मध्ये स्वतःचा तान्हा पुत्र इब्राहीम वारला तेव्हा त्यांचे डोळे पाणावले. परंतु अल्लाहला अप्रिय असा शब्द मुखातून निघाला नाही. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. ते इब्राहीमच्या मृत्यूमुळे लागले, असे लोक म्हणू लागले. पैगंबरांनी (स.) स्पष्ट केले की, कोणाच्या जन्ममृत्यूमुळे सूर्य-चंद्राला ग्रहण लागत नाही. म्हणजे शोकाला मुभा आहे, अंधश्रद्धेला नाही, मग ती आपल्या सन्मानात भर घालणारी का असेना.

तेव्हा मुलाने असा प्रश्न विचारला तर त्याला जवळ बसवा. सूरह यासीन अर्थासह त्याच्याबरोबर वाचा. कब्रस्तानात जाताना त्याला सोबत न्या. कब्रींची भेट परलोकाचे स्मरण करून देते, अशी शिकवण आहे. दादाजानचे कोणाचे देणे राहिले असेल तर ते फेडताना त्याला साक्षीला घ्या. मरणानंतर हिशेब आहे, हे त्याला तेथे कळेल. कयामत येऊन ठेपली आणि हाती रोपटे असले, तरी शक्य असल्यास ते लावावे, असे पैगंबरांनी (स.) शिकविले. मृत्यूचे स्मरण हात थांबविण्यासाठी नसून कामाला लावण्यासाठी आहे.

अल्लाह आपल्या मुलांच्या अंतःकरणांना समाधान देवो आणि त्यांचे ऐकून घेण्याचे धैर्य आपणांस देवो. आमीन.