तीन बाजूंचा हिशेब

जमिनीवर खडूने तीन ठिपके द्या. तिन्ही एका ओळीत नकोत. आता ते सरळ रेघांनी एकमेकांना जोडा. झाली की नाही तीन कोनांची आकृती? हाच त्रिकोण. ‘त्रि’ म्हणजे तीन. कोन तीन, तशा बाजूही तीन. बाजूला जुने लोक ‘भुज’ म्हणत. भुज म्हणजे हात. हा शब्द ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

त्रिकोण पाहायला लांब जायला नको. वाघोलीत नगर रस्त्याच्या कडेने चालत जा. पुढे वळण असले, शाळा असली, की तांबड्या काठाची तीन कोनांची पाटी दिसते. कौलारू घर दिसले, तर त्याचे छप्पर पाहा. बांधकामावर पत्र्याखालच्या लोखंडी कैच्या पाहा. सगळीकडे त्रिकोणच त्रिकोण. पण सगळे त्रिकोण सारखे नसतात. त्यांचे प्रकार आहेत. ते बाजू मोजून ओळखायचे.

त्रिकोणाचे तीन प्रकार

पहिला प्रकार. तिन्ही बाजू सारख्या. रस्त्यावरची ती तांबड्या काठाची पाटी अशीच असते. कोणतीही बाजू मोजा, माप तेच. याला म्हणतात समभुज त्रिकोण. ‘सम’ म्हणजे सारखा.

दुसरा प्रकार. दोन बाजू सारख्या. दुपाखी घराची पुढची बाजू पाहा. वर आढे. आढ्यापासून दोन्हीकडे वासे उतरतात. दोन्हीकडचा उतार सारखा असला, की दोन बाजू सारख्या झाल्या. खालची आडवी तुळई मात्र वेगळ्या मापाची. हा समद्विभुज त्रिकोण. ‘द्वि’ म्हणजे दोन.

तिसरा प्रकार. एकही बाजू दुसरीसारखी नाही. गवंडी पायाची फक्की मारताना दोरीने 3 फूट, 4 फूट आणि 5 फूट असा त्रिकोण धरतो. मग 3 आणि 4 च्या मधला कोपरा बरोबर गुण्यात येतो. या त्रिकोणाच्या तिन्ही बाजू वेगळ्या. हा विषमभुज त्रिकोण. ‘विषम’ म्हणजे सारखा नसलेला.

येथे कोणी विचारील, “गुरुजी, समभुज त्रिकोणातही दोन बाजू सारख्या असतातच की!” बरोबर आहे. म्हणून त्याला समद्विभुजही म्हणता येते. पण तिसरीही सारखी आहे, हे सांगायला समभुज हे नाव आहे.

एक गोष्ट मात्र सांभाळा. डोळ्यांवर विसंबू नका. 39, 40 आणि 41 फुटांच्या बाजू नुसत्या पाहिल्या तर सारख्याच वाटतात. टेप लावली की खरे कळते. आधी मोजा, मग नाव ठेवा.

चार काठ्या हलतात, तीन हलत नाहीत

चार काठ्या घ्या. टोकांना सुतळीने बांधून चौकट करा. आता एका बाजूने दाबा. चौकट कलते. काठ्यांची लांबी तीच राहिली, पण आकार बदलला. आता तीन काठ्यांचा त्रिकोण बांधा. दाबून पाहा. काठी मोडेल, पण त्रिकोण कलणार नाही.

म्हणून फाटकाला तिरपी पट्टी मारतात. म्हणून परांचीला तिरपे बांबू बांधतात. चौकटीत तिरपी काठी घातली, की तिचे दोन त्रिकोण होतात. मग ती हलत नाही.

यातून मोठी गोष्ट निघते. चौकोनाच्या चारही बाजू ठाऊक असल्या, तरी त्यात जमीन किती ते ठरत नाही. त्रिकोणाच्या तीन बाजू ठाऊक झाल्या, की त्याचा आकारही ठरला आणि त्यातली जमीनही ठरली. कोणी ती वाढवूही शकत नाही, कमीही करू शकत नाही. वेड्यावाकड्या शेताचे तुकडे पाडून मोजणी करतात, तेव्हा त्रिकोणाचा आधार घेतात तो यासाठीच.

कोणत्याही तीन मापांचा त्रिकोण होतो का?

नाही. 3 वीत, 6 वीत आणि 9 वीत लांबीच्या तीन काठ्या घ्या. 9 वितीची काठी जमिनीवर ठेवा. उरलेल्या दोन तिच्या दोन टोकांना लावा. दोघींची टोके वर मिळतात का? नाही. दोन्ही काठ्या खालच्या काठीवर आडव्या होतात, तेव्हा कुठे टोकाला टोक लागते. त्रिकोण होतच नाही.

नियम असा: सर्वांत लांब बाजू बाजूला ठेवा. उरलेल्या दोन बाजूंची बेरीज तिच्यापेक्षा जास्त भरली पाहिजे. कमी भरली किंवा नेमकी तेवढीच भरली, तर ते माप खोटे.

3, 6 आणि 9 हे उदाहरण आजचे नाही. भास्कराचार्य नावाचे थोर गणिती होऊन गेले. त्यांचा जन्म 1114 सालचा. त्यांनी 1150 च्या सुमारास ‘लीलावती’ हा ग्रंथ लिहिला. त्यात हे उदाहरण आहे. अशी आकृती जो सांगेल, त्याला बाजूंच्या मापाच्या सरळ काड्या मांडून दाखवा, असे त्यांनी म्हटले आहे. म्हणजे आपण आत्ता केले तेच! जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापन केला, असे त्यावरून कळते.

आत जमीन किती?

त्रिकोणाच्या आतली जागा म्हणजे त्याचे क्षेत्रफळ. ते काढायला दोन मापे लागतात. एक पाया, दुसरी उंची. कोणतीही एक बाजू पाया धरा. समोरच्या कोपऱ्यापासून पायावर गुण्यात पडणारी रेघ ही उंची. पाया आणि उंची यांचा गुणाकार करा आणि त्याचे निम्मे करा. झाले क्षेत्रफळ.

आता प्रकार ओळखण्याचा फायदा पाहा.

समद्विभुज त्रिकोणात उंची पायाच्या बरोबर मध्यावर पडते. पाया मात्र तिसऱ्या, वेगळ्या बाजूचा धरा. समजा, दोन बाजू 50 फूट आणि पाया 80 फूट. पायावर 40 फुटांवर खूण करा. तेथून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरा. 30 फूट भरेल. 80 गुणिले 30, त्याचे निम्मे 1200 चौरस फूट.

समभुज त्रिकोणातही उंची मध्यावरच पडते. ती बाजूपेक्षा नेहमी कमी असते. बाजू 100 फूट असली तर उंची सुमारे 86.6 फूट. क्षेत्रफळ सुमारे 4330 चौरस फूट.

विषमभुज त्रिकोणात उंची पायाच्या मध्यावर पडत नाही. ती शोधावी लागते. आणि फसवणूक होते ती येथेच.

कोपऱ्याचा प्लॉट

वाघोली एकेकाळी वाघेश्वराच्या देवळाचे, शेतीचे आणि दगडाच्या खाणींचे गाव. शहर वाढत वाढत येथवर आले. 2021 साली वाघोली पुणे महानगरपालिकेत गेली. आज येथे जमीन फुटावर विकली जाते. फुटावर विकली जाते, म्हणून एक एक फूट मोजून घेतला पाहिजे.

समजा, खडी मशिनवर काम करणारे एक जोडपे आहे. दहा वर्षे पोटाला चिमटा काढून त्यांनी पैसे साठवले. दोन रस्ते फुटतात तेथे त्यांना एक प्लॉट दाखवला. तीन कोपऱ्यांचा. बाजू 39 फूट, 42 फूट आणि 45 फूट. भाव, समजा, फुटाला 1000 रुपये.

एजंट म्हणाला, “दादा, हिशेब सरळ आहे. 42 गुणिले 45, त्याचं निम्मं. 945 फूट भरतात.”

नवरा मान डोलावू लागला. बायको रात्रीच्या वर्गाला जात होती. ती म्हणाली, “अहो, थांबा जरा. भाऊ, हे निम्म्याचं गणित त्या दोन बाजू गुण्यात असल्या तरच चालतं. इथं गुण्यात कुठंय? तिन्ही बाजू वेगळ्या, विषमभुज आहे हा. उंची काढावी लागंल.”

“ताई, सगळीकडं असंच मोजतात.”

“मोजू द्या. आपण टेप लावून बघू.”

तिने 42 फुटांच्या बाजूवर दोरी ताणली. टेपचे एक टोक नवऱ्याने समोरच्या कोपऱ्यावर धरले. दुसरे टोक घेऊन ती दोरीवरून हळूहळू सरकत गेली. माप कमी कमी होत गेले, आणि मग पुन्हा वाढू लागले. सर्वांत कमी भरले 36 फूट. कोपऱ्यापासून दोरीपर्यंतचे सर्वांत कमी अंतर तीच उंची.

“42 गुणिले 36, 1512. त्याचं निम्मं 756,” ती म्हणाली. “भाऊ, 945 नाहीत. 756 फूट आहेत.”

फरक किती? 189 फूट. 1000 रुपये भावाने 1,89,000 रुपये. जी जमीन जागेवर नाहीच, तिचे एवढे पैसे गेले असते. आणि ते वाचले कशाने? एका दोरीने, एका टेपने आणि शिकलेल्या एका धड्याने.

तिने पुन्हा एकदा ताळा घेतला. या वेळी 45 फुटांची बाजू पाया धरली. उंची 33 फूट 7 इंच भरली. हिशेब केला, तर पुन्हा 756 च्याच जवळ. दोन पाये धरून दोनदा मोजावे. उत्तर जुळले, तर मोजणी बरोबर. सर्वांत लांब बाजू पाया धरली, तर उंची नेहमी त्रिकोणाच्या आतच पडते, हेही ध्यानात ठेवा.

गंमत पाहा. 13, 14 आणि 15 बाजूंचा त्रिकोण भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त घातला आहे. त्याचे क्षेत्रफळ 84. तेच आकडे तिप्पट करा, आपला प्लॉट होतो. बाजू तिप्पट झाल्या, की क्षेत्रफळ नऊ पट होते. 84 गुणिले 9 किती? 756!

आपल्याकडे जमीन गुंठ्यातही सांगतात. इंग्रजी अमलात 1835-36 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील इंदापूरकडून नव्या पद्धतीची मोजणी सुरू केली. मुंबई इलाख्याच्या मोजणीतली साखळी 33 फुटांची. तिचे 16 भाग, एकेका भागाला नाव आणा. लांबी एक साखळी आणि रुंदी एक साखळी, म्हणजे एक गुंठा. 33 गुणिले 33, म्हणजे 1089 चौरस फूट. 40 गुंठ्यांचा एक एकर. या हिशेबाने आपला 756 फुटांचा प्लॉट पाऊण गुंठाही भरत नाही.

आपण टेप लावून केलेली मोजणी शंका ओळखण्यासाठी आहे. शंका आली, तर गप्प बसू नका. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीसाठी अर्ज करता येतो. कागदावरचे माप आणि जागेवरचे माप जुळल्याशिवाय अंगठाही देऊ नये आणि सहीही करू नये. आधी जमीन मोजा, मग पैसे मोजा.

आता करून पाहा

1. या त्रिकोणांचे प्रकार सांगा: (अ) 7, 7, 7 (आ) 6, 6, 9 (इ) 5, 12, 13.

2. एका कागदावर तीन कोपऱ्यांच्या जमिनीच्या बाजू 60 फूट, 40 फूट आणि 110 फूट लिहिल्या आहेत. हे माप खरे असेल का?

3. एका जागेच्या दोन बाजू 25 फूट आणि पाया 30 फूट आहे. पायाच्या मध्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत 20 फूट भरले. जागा किती?

4. घरातली किंवा रस्त्यावरची त्रिकोणी वस्तू शोधा. तिच्या तिन्ही बाजू मोजा. वहीत मापे लिहा आणि पुढे तिचा प्रकार लिहा.

उत्तरे: 1. (अ) समभुज (आ) समद्विभुज (इ) विषमभुज. 2. नाही. 60 आणि 40 मिळून 100 होतात, ते 110 पेक्षा कमी आहेत. 3. 300 चौरस फूट.

हे शब्द मोठ्याने वाचा आणि पाच वेळा लिहा

त्रिकोण, समभुज, समद्विभुज, विषमभुज, क्षेत्रफळ, चौरस, गुंठा, मोजणी.