खुर्ची उलटी करून बघा

ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातून आम्ही जुन्या इंग्रजी घाटाच्या सहा जेवणाच्या खुर्च्या घेतल्या. पाठीवर नाजूक नक्षी, पुढचे पाय चेंडू पकडलेल्या पंजाचे. पहिल्याच पावसाळ्यात सीटखालच्या पट्ट्या फुगल्या आणि व्हीनियरचे पापुद्रे सुटले. दिवाळीत मामंजी जेवून मागे रेलले, तर मागचा पाय मोडला. ते थोडक्यात बचावले.

खुर्च्या नकली होत्या, ही माझी तक्रार नाही. आमच्या खुर्च्यांचा घाट ज्याच्या नावाने ओळखला जातो, त्या लंडनच्या फर्निचर कारागीर टॉमस चिपेंडेलने 1754 साली नमुन्यांचं पुस्तक छापलं, ते गिऱ्हाइकांइतकंच इतर कारागिरांसाठीही होतं. त्याच्या खुर्च्यांच्या नकला तेव्हापासून होतात, आणि त्यांतल्या कित्येक उत्तम असतात. व्हीनियरही वाईट नव्हे. त्या काळी ते करवतीने कापत, म्हणून जाड असे. आजचं बहुधा जेमतेम अर्धा मिलिमीटर. पुन्हा पॉलिश करताना जोरात घासलं की खालचं लाकूड दिसतं. आमच्याकडे तर खाली लाकूडही नव्हतं, एमडीएफ होतं. मुंबईच्या दमट हवेत त्याच्या उघड्या कडा पाणी पितात.

मोडलेला पाय मिस्त्रींनी हातात घेतला आणि म्हणाले, "ताई, रेष बघा." बाकदार पाय सरळ फळीतून कापला की वळणावर लाकडाची रेष आडवी येते आणि भार पडला की तिथेच तुटतो. रेष पायाच्या लांबीने धावली पाहिजे. खुर्चीचा सर्वांत जास्त ताण मागचा पाय आणि सीट जिथे मिळतात तिथे येतो. तो जोड कुसू-खाचेचा हवा. आमच्या खुर्च्यांत तिथे नुसते स्क्रू होते.

नक्षीचं म्हणाल तर फुलांतून लाकडाची रेष पुढे जाते का ते पाहा. आमची फुलं साच्यातली, चिकटवलेली निघाली. दोन खुर्च्या शेजारी ठेवा: हाताने कोरलेलं काम तंतोतंत एकसारखं नसतं, आणि खोलगट कोपऱ्यांत पटाशीची धार दिसते. मशीनने तिथे गोलाई सोडलेली असते. तळाशी बारीक भोकं आणि ताजा भुसा दिसला, तर भिरूड आहे. ती खुर्ची घरात आणूच नका.

बिलावर लाकडाचं नाव, व्हीनियर कशावर चढवलंय आणि 'नवीन बनावट' हे शब्द लिहून घ्या. दुकानदार खुर्ची उलटी करू देत नसेल, तर घेऊ नका.